परसातले पाहुणे

इतिहासकार मंडळींची एक खोड आहे. ती नेहमी पुढच्या दारानं आत येतात. दिंडीदरवाजा, सदर, दिवाणखाना, तिथली खलबतं, तिथले रुसवेफुगवे हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण माजघर ओलांडून, स्वयंपाकघरातून वाट काढत मागच्या दारानं परसात उतरलेला इतिहासकार निदान माझ्या पाहण्यात नाही. पानिपतावर किती माणूस पडलं याचे आकडे मिळतात. त्याच साली पुण्यातल्या परसांतून भोपळे किती उतरले, हे सांगणारी बखर काही मला भेटलेली नाही. आता भोपळे मोजले नाहीत म्हणून राज्य बुडालं असं कुणी म्हणणार नाही. पण राज्यं येतात नि जातात, भोपळा राहतो, हेही खोटं नाही. आणि हा भोपळा आला कुठून, असं विचारायला जावं तर पानिपतापेक्षा कितीतरी लांबची मजल मारावी लागते.

ही मजल मारायला मला आमचं परस पुरतं. ते चिपळुणात आहे. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला शेजारच्या नानांचा गडगा. कागदोपत्री जागा माझ्या नावावर असली तरी राज्य आत्याचं. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. १९६८ साली सासरचं दार बंद झालं म्हणून ती माहेरी परत आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. घरात तिला कुणी 'जा' म्हटलं नाही, पण 'बस' असंही कुणी मोकळेपणानं म्हटलं नाही. परसात तेव्हा अळूचं एक बेट होतं, बाकी सगळं रान. आत्यानं कुदळ उचलली. पुढच्या भाद्रपदात तिनं टोपलीभर भेंडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आणि तेव्हापासून तिला बस म्हणायची गरज कुणाला पडली नाही.

भाद्रपद हा परसाचा खरा मार्चअखेर. पावसाचा जोर ओसरतो, उन्हं जरा रेंगाळायला लागतात आणि दोन महिने नुसती पानं मिरवणारा मांडव एकदम हिशेब द्यायला लागतो. दोडके लोंबतात. तवशी पानाआड लपून अशी काही वाढते की सापडते तेव्हा तिची कोशिंबीर करायची की तिला पाळण्यात घालायची असा प्रश्न पडतो. पडवळाच्या टोकाला आत्या दोरीनं खडा बांधते, म्हणजे ते सरळ वाढतं. हा प्रयोग माणसांवर अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही. लाल भोपळा कौलांवर चढून बसतो आणि त्याला उतरवायला दरवर्षी मलाच चढावं लागतं.

या सगळ्या पिकाचं वार्षिक संमेलन म्हणजे ऋषिपंचमीची भाजी. गणपती आले की दुसऱ्या दिवशी ती होते. नियम कडक. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर न लावता, माणसाच्या हातानं पिकलं असेल तेवढंच पातेल्यात जायचं. त्यामुळे बारा महिन्यांत हा एकच दिवस असा, की बाजारपेठेचं काही चालत नाही आणि परसाला मुख्यमंत्र्याचा मान मिळतो. अळू, सुरण, पडवळ, दोडका, माठ, भेंडी, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओल्या शेंगांचे दाणे, रताळं आणि चवीला हिरवी मिरची. आत्या ही भाजी करते तेव्हा स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलायचीसुद्धा बंदी असते. ऋषींचं जेवण आहे, वात्रटपणा चालायचा नाही.

वात्रटपणा करायचा नव्हता, पण माझं वाचन मध्ये आलं. एका ऋषिपंचमीला मी आत्याला म्हटलं, "आत्या, या पातेल्यातलं निम्मं तुझ्या ऋषींनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं." मका मूळचा मेक्सिकोचा. लाल भोपळा अमेरिका खंडाचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळंही तिकडचंच. मिरचीही तिकडचीच. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० साली आणि पुढं त्यांच्या गलबतांच्या मागावर ही सगळी मंडळी एकेक करून आपल्या किनाऱ्याला लागली. कश्यप, अत्री, भारद्वाज यांच्या वाट्याला फार तर अळू, सुरण, पडवळ, वांगं, काकडी एवढंच आलं असणार. आणि तिखट हवंसं वाटलं तर मिरी, आलं नि पिंपळी.

मला वाटलं, आत्या पातेलं खाली उतरवील. तिनं भाजीला एक वाफ दिली आणि म्हणाली, "मग? सून काय घरातच जन्माला येते? बाहेरूनच येते. चार वर्षं घरात राबली की घरचीच होते. झाकण ठेव त्यावर."

पुढं मी जसजसं वाचत गेलो तसतशी मला या वाक्याची थोरवी पटत गेली. मिरचीचंच घ्या. ही बाई आली तेव्हा तिला धड नावसुद्धा नव्हतं. मिरीसारखी तिखट म्हणून ती मिरची झाली. पण घरात अशी काही मिसळली की आपण मुळात बाहेरच्या आहोत याचा पुरावाच तिनं पुसून टाकला. संत सावता माळी तेराव्या शतकातले, सोलापूरकडच्या अरणचे. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. त्यांच्या नावावर जो अभंग घरोघर गातात त्यात कांदा, मुळा, लसूण यांच्या पंगतीला मिरचीही बसलेली आहे! म्हणजे सावता महाराजांनंतर दोनशे वर्षांनी जे बी या भूमीवर पडलं त्याचं झाड त्यांच्या मळ्यात उभं. अभ्यासक यावर भुवया उंचावतात. मला मात्र तो अभंग त्यामुळेच जास्त आवडतो. गाणाऱ्यांच्या जिभेला मिरचीशिवाय भाजीची कल्पनाच करवेना, तेव्हा त्यांनी तिला उचलून थेट विठोबाच्या पायाशी नेऊन ठेवलं असणार. नागरिकत्वाचा याहून पक्का दाखला कुठल्या कचेरीत मिळतो?

सीताफळानं तर त्याहून कमाल केली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचं मूळ घर उष्ण अमेरिकेत दिलेलं असतं. पण नाव घेतलं थेट जानकीचं आणि रामफळ नावाचा भाऊबंदही बरोबर आणला. बटाट्यानं निदान प्रामाणिकपणे आपलं पोर्तुगीज नाव कायम ठेवलं. त्या बटाट्याचा महाबळेश्वरातला इतिहास तर कादंबरीला विषय आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथं चिनी कैदी आणून ठेवले होते. ते भाजीपाल्याचे मळे करायचे आणि थंड हवा खायला आलेल्या साहेबाच्या ताटात त्यांनी पिकवलेला बटाटा पडायचा. अमेरिकेतलं कंदमूळ, पोर्तुगिजाचं नाव, चिन्याचे कष्ट, इंग्रजाचं ताट आणि सह्याद्रीची माती. आपण मात्र उपासाला खातो आणि म्हणतो, किती सात्त्विक!

हे झालं भाज्यांचं. आता त्या खाणाऱ्यांकडे वळू. म्हणजे आपल्या आधी खाणाऱ्यांकडे.

परसाचं पीक तीन वाटण्यांत जातं. पहिली वाटणी वरून येणाऱ्यांची: वानरं, पोपट, खारी आणि रात्रपाळीला वटवाघळं. दुसरी खालून येणाऱ्यांची: घुशी, उंदीर, आणि सुरणाचा वास लागला तर साळिंदर. उरलेली तिसरी वाटणी आपली, आणि तीही फळमाशीनं सोडली तर. ही माशी कोवळ्या दोडक्याला, काकडीला सुईसारखं टोचून आत अंडी घालते. बाहेरून फळ छान दिसतं. चिरलं की आत वळवळ. म्हणून आत्या प्रत्येक दोडक्याला वर्तमानपत्राची पिशवी घालते. आमच्याकडे दैनिक आधी मी वाचतो, मग दोडका. अग्रलेखात गुंडाळलेला दोडका अधिक सुरक्षित राहतो असं आत्याचं निरीक्षण आहे. तिकडे माशीसुद्धा फिरकत नाही म्हणे.

गंमत अशी, की ही फळमाशी अस्सल इकडची. ती कुठून आलेली नाही; उलट आपण तिला निर्यात केलं. १८९०च्या दशकात ती प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या काकड्या, कलिंगडं पोखरायला लागली. आपला कंठवाला हिरवा पोपटही तसाच. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांनी १९७०च्या आसपास लंडनच्या परिसरात बिऱ्हाडं थाटली आणि आज त्यांचे थवेच्या थवे साहेबाच्या बागांतली फळं कुरतडतात. दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं त्याची ही फेड म्हणावी, तर पोपटाला इतिहासाची एवढी जाण असेल असं वाटत नाही.

आयातही तितकीच जोरात चालली होती. आमच्या पपईवर पांढरा कापूस पिंजल्यासारखा पिठ्या ढेकूण बसतो. पपई मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. ती येऊन चारेक शतकं उलटली. हा ढेकूण तिच्याच माहेरचा, पण त्याला पत्ता सापडायला वेळ लागला. २००८ साली तो प्रथम कोइमतूरला दिसला. मग २०१० साली त्याचा काळ असलेली चिमुकली गांधीलमाशी पोर्तो रिको बेटावरून आणून सोडली तेव्हा पपईबागा सावरल्या. त्याआधीचा किस्सा १७९५चा. फड्या निवडुंगावर पोसणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. त्या रंगाच्या लोभानं ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलहून बंगालमध्ये किडा आणला. आणला तो नेमका भलताच निघाला. रंग राहिला बाजूला. त्यानं निवडुंगच फस्त करायला सुरुवात केली. पुढं हाच किडा दक्षिणेत मुद्दाम नेऊन सोडला, माजलेला निवडुंग आवरायला. निवडुंगही अमेरिकेचाच, आणि त्याला खाणाराही. कुंपणच शेत खातं हे आपण ऐकलेलं असतं. इथं किड्यानं कुंपण खाल्लं.

आणि १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अंमलदारानं मॉरिशसहून काही गोगलगायी आणून कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या. त्याला शंखशिंपल्यांचा अभ्यास करायचा नाद होता. गोगलगायी मूळच्या पूर्व आफ्रिकेच्या. मुठीएवढा शंख, भूक बकासुराची. एका वेळेला शंभरावर अंडी घालतात, आणि नर-मादी हा भेदच नसल्यामुळे अंडी घालायची जबाबदारी दोघंही घेतात. उन्हाळ्यात शंखाचं दार लावून घेऊन झोपतात नि पहिल्या पावसाला भुकेनं उठतात. कलकत्त्याहून निघालेल्या या मंडळींनी देशभर मजल मारली. २०२२ साली लातुराकडे कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला तो गोगलगायींनीच. गोगलगाय आणि पोटात पाय अशी म्हण आपण जुन्या गोगलगायीवरून केली. ही पाहिली असती तर पोटात गाव अशी केली असती.

दोनतीन वर्षांपूर्वी त्या आमच्या परसात आल्या. एका रात्रीत भेंडीचा वाफा गेला. दुसऱ्या रात्री माठ. तिसऱ्या दिवशी शेजारचे नाना गडग्यावरून वाकून म्हणाले, "घुसखोर आहेत हो ही! आफ्रिकेची जात! दयामाया उपयोगाची नाही." आणि त्यांनी औषधाच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. वाफ्यात पेरायच्या, गोगलगायी खातात नि मरतात. पाकिटावर कवटी होती. मी पाकीट घेऊन आत्याकडे गेलो, कारण सही तिची लागते.

इथं मला चिपळूणचाच एक कागद आठवतो. मागच्या दारानं कुणी आलं नाही असं मी वर म्हटलं खरं, पण एक जण आला होता. तो इतिहास लिहिणारा नव्हता, घडवणारा होता. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळुणाकडे छावणीला असलेल्या आपल्या लष्करी अंमलदारांना पत्र पाठवलं. पावसाळा तोंडावर होता. घोड्यांसाठी दाणा-वैरण साठवलेली होती. महाराज बजावतात, की आता हवं तसं उधळाल तर पुढं काही मिळणार नाही. मग कुणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजी, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. आणि त्याच पत्रात ते उंदराला विसरत नाहीत. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, गवत गेलं की घोडी मरतील, नि ती तुमच्या निष्काळजीपणानं मेल्यासारखी होतील. राज्याभिषेकाच्या आगेमागे, मोगल आणि आदिलशाही दोन्हीकडून दबा धरून असताना, हा राजा वातीपाशी बसलेल्या उंदरापासून सुरुवात करून मेलेल्या घोड्यापर्यंत साखळीची एकेक कडी मोजतो आहे. मला त्या पत्रात तलवारीपेक्षा उंदीर मोठा दिसतो.

आत्यानं ते पत्र वाचलेलं नाही, पण कड्या मोजायची विद्या तिला येते. तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं. विचारलं, "गोगलगाय मेल्यावर तिला कोण खातं?"

आमच्या परसात भारद्वाजाची जोडी आहे. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कावळ्याएवढा पक्षी. दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. हा पक्षी या आफ्रिकेच्या गोगलगायी खातो. गडग्याच्या दगडाशी तिला घेऊन बसतो आणि शंख फोडून आतला जीव काढतो. गडग्यापाशी रिकामे शंख पडलेले असतात. म्हणजे गोळी गोगलगायीनं खायची आणि गोगलगाय भारद्वाजानं. हेच औषध पक्ष्यांना नि प्राण्यांना धोक्याचं म्हणून ब्रिटननं २०२२ साली बागाशेतांत वापरायला बंदी घातली, हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "तुम्हाला परक्यांचा फार पुळका."

आत्या शांतपणे म्हणाली, "नाना, परकी म्हणून मारायचं ठरवलं तर परवाच्या भाजीत अळू नि पडवळ तेवढं उरेल. वर मिरची नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि घरातून कुणाकुणाला उठवाल? कोण कुठून आलं ते बघू नये. घरासाठी काय करतं ते बघावं. ही नुसती खाते, म्हणून हिला आवरायची. विष घालून नव्हे."

नाना काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. सत्तावीस वर्षांची, कुदळ उचललेली आत्या मी पाहिलेली नाही, पण त्या दिवशी ती मला जराशी दिसली.

आवरण्याची पद्धत अगदी गावठी निघाली. संध्याकाळी गोणपाटं पाण्यात भिजवून वाफ्यांच्या कडेला पसरायची, खाली पपईची पानं घालायची. रात्री गोगलगायी गारव्याला गोळा होतात. पहाटे हातमोजे घालून वेचायच्या नि मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. हातमोजे हवेतच, त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे जंत असतात. पहिल्या पहाटे आम्ही एकशे बारा मोजल्या. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा. मोजायला गडग्यावर नाना उभे असायचे. चौथ्या दिवसापासून त्यांच्याही हातात बादली होती.

गोगलगायी संपल्या नाहीत. संपायच्याही नाहीत, १८४७ पासून आलेली मंडळी आमच्या बादलीनं जाणार थोडीच? पण भेंडी पुन्हा धरली आणि भारद्वाज अजून गडग्यावर येतो. ऋषींचं नाव घेऊन तो आफ्रिकेची गोगलगाय खातो, ऋषींच्या नावानं आम्ही अमेरिकेचा भोपळा खातो. एका परसाला एवढा मेळ पुष्कळ झाला.

आश्विन लागला की आत्या मांडव उतरवते. एक दोडका मात्र तिनं आधीपासून लाल दोरा बांधून राखलेला असतो. त्याला वानर शिवलं तर आत्या वानराच्या सात पिढ्या काढते. तो वेलावरच वाळतो, खुळखुळ वाजायला लागतो, मग ती तो फोडून बिया राखेत घोळवते आणि कागदाच्या पुड्या बांधते. परवा मी पुड्या मोजल्या. एकीवर नानांचं नाव होतं, एकीवर पुण्याच्या भाचीचं, एकीवर नुसतं 'कुणी मागितलं तर' असं लिहिलेलं होतं.